नऊ नंबरची लाल गाडी

अंधेरीच्या आमच्या मोटारींच्या शोरूममध्ये विकायला एकही गाडी नसायची. हे वाचून हसू येईल, पण ऐंशीच्या दशकात ते अगदी खरं होतं. काचेच्या आत एक गाडी उभी असायची, रोज पुसली जायची, तिच्यासमोर लोक मुलांना उभं करून फोटो काढायचे. पण ती दाखवायची गाडी. ज्याला खरी हवी त्याने पैसे भरून नंबर लावायचा आणि थांबायचं. दोन वर्षं, तीन वर्षं, कधी त्याहून जास्त.

त्या थांबलेल्या लोकांची वही माझ्याकडे होती. माझं पद ‘बुकिंग क्लार्क’. स्वामी विवेकानंद रोडवर, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं शोरूम होतं. मी अठ्ठावीस वर्षांची, गोरेगावात एका खोलीत आईवडील आणि धाकट्या भावाबरोबर राहणारी. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर घरीच असायचे. त्यामुळे घर माझ्या पगारावर चालायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं आणि जे केलं नाही, त्या दोन्हींत याचा भाग आहे.

लोकांना वाटायचं, शोरूममध्ये काम म्हणजे गाड्या खपवायचं काम. खपवायचं काय? माझं काम लोकांना न रागावता परत पाठवायचं होतं. सांताक्रूझच्या एक बाई साडीच्या पदराचा तुकडा घेऊन आल्या होत्या. गाडी याच रंगाची हवी, म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, कंपनीकडे तीनच रंग आहेत, आणि त्यातला कुठला येईल ते गाडी येईल तेव्हाच कळेल.” त्यांनी तो तुकडा माझ्याकडेच ठेवला, न जाणो उपयोग झाला तर. एक गृहस्थ दर महिन्याला फोन करून विचारायचे, “माझ्या पुढचा कुणी वारला का?” अगदी काळजीने विचारायचे. तीन वर्षांत त्यांच्या पुढचा एकही वारला नाही. गाडी मिळाली तेव्हा त्यांनी मला कॅलेंडर दिलं.

आता धंद्यातली आतली गोष्ट. गाडीची किंमत कंपनी ठरवायची आणि आम्हाला त्यावर ठरलेलं कमिशन मिळायचं. एक रुपया जास्त घ्यायची परवानगी नव्हती. पण गाडी हवी असणारे इतके आणि गाड्या इतक्या थोड्या, की ज्याचा नंबर लागला त्याची गाडी शोरूमच्या दारातच जास्त पैसे देऊन घ्यायला माणसं तयार असत. त्या वरच्या पैशाला ‘ऑन’ म्हणायचे. “गाडीला ऑन किती चाललाय?” हा प्रश्न तेव्हा कांद्याचा भाव विचारावा तसा विचारला जायचा.

आमच्या मालकांना, म्हणजे दळवी साहेबांना, हा ऑन दुसऱ्यांच्या खिशात जाताना बघवायचं नाही. माणूस वाईट नव्हता. कामगारांचे पगार एक तारखेला व्हायचे, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतःहून विचारायचे. पण त्यांनी एक वाट शोधून काढली होती. नंबर लागला की कंपनी अलॉटमेंटचं पत्र काढायची. पत्र आमच्याकडे यायचं, आम्ही ते गिऱ्हाइकाला पोचवायचं. पत्रावरच्या तारखेपासून एकवीस दिवसांत उरलेले पैसे भरले नाहीत तर नंबर रद्द. आणि रद्द झालेली गाडी कुणाला द्यायची, ते शोरूमच्या हातात. साहेब एखादं पत्र बाजूला काढून म्हणायचे, “हे जरा राहू दे.” ते माझ्या खणात राहायचं. दहा-बारा दिवसांनी टपालात पडायचं.

घाटकोपरचे एक आठवले सर होते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पत्नीचे गुडघे गेले होते, बस चढता येत नव्हती, म्हणून त्यांनी साधी चार दारांची गाडी नोंदवली होती. त्यांचं पत्र माझ्या खणात अकरा दिवस होतं. ते त्यांच्या हातात पडलं तेव्हा मुदतीला चार दिवस उरले होते आणि बँकेचं कर्ज चार दिवसांत होईना. नंबर रद्द झाला. ते अनामत परत घ्यायला आले, मी कागद टाइप केला, चहा मागवला. सही करता करता ते म्हणाले, “पोस्टखात्याचं काही खरं राहिलं नाही हो.”

मी म्हटलं, “हो ना.”

त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. ते जाताना आभार मानून गेले. मी घरी गेले, जेवले, झोपले. नोकरी टिकवायची होती. पण दुसऱ्या दिवसापासून मी तो खण कारणाशिवाय उघडेना.

त्यानंतर वर्षभराने ती गाडी आली. आमच्याच कंपनीची, पण वेगळीच चीज. दोन दारांची, परदेशी इंजिनाची, पाच गिअरची. रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या धापा टाकत चढ चढायच्या त्या काळात ही म्हणे घाटात चौथ्या गिअरमध्ये चढायची. कंपनी मोजक्याच काढणार होती, हौशी लोकांसाठी. आमच्या शोरूमच्या वाट्याला फक्त बारा. पहिल्याच आठवड्यात साठ जणांनी पैसे भरले. बारा जणांच्या नंतरचे सगळे नुसत्या आशेवर.

यादीत नऊ नंबरला नाव होतं यशवंत राणे. जोगेश्वरीला त्याचं गॅरेज होतं. पहिल्या दिवशी वॉचमनने त्याला दारातच अडवलं, कारण अंगावर ग्रीस लागलेला खाकी शर्ट. मी आत बोलावलं. मूळचा मालवणकडचा, पस्तिशीचा, बोलताना नजर खाली. इतर लोक विचारायचे, “नंबर कुठवर आला?” हा विचारायचा, “बाई, ह्या गाडीचं वजन पुढच्या चाकांवर किती नि मागच्यांवर किती?”

आमच्या सेल्समनला गाडीला चाकं चार आहेत याच्यापलीकडे माहिती नव्हती. मी कंपनीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. यशवंतने ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “वाटलाच होता माका.”

हळूहळू त्याची हकिगत कळली. श्रीमंत लोक मोटारींच्या रॅलीत उतरायचे, त्यांच्या गाड्या हा तयार करून द्यायचा. रॅलीत शेजारी बसून नकाशा वाचायचा, गाडी बंद पडली तर खाली शिरायचा. बक्षीस घेताना मात्र शेजारच्याला कोण बोलावतो? “एकदा तरी स्टेअरिंग माझ्या हातात पाहिजे, बाई,” तो म्हणाला. “हरलो तरी चालेल. पण हरलो तर मी हरलो, असं झालं पाहिजे.” त्यासाठी त्याने आठ वर्षं पैसे साठवले होते आणि उरलेल्यांसाठी गॅरेजवर कर्ज मंजूर करून ठेवलं होतं.

मग एके दिवशी बारा पत्रांचा गठ्ठा आला. दळवी साहेबांनी पत्रं चाळली, एक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. नऊ नंबर. लाल रंग.

“हे राहू दे. मढला शूटिंग करतात ते निर्माते मागे लागलेत. त्यांना लालच हवी.”

“साहेब, हा माणूस दर महिन्याला येतो.”

“गॅरेजवाला आहे. दुसरी घेईल कुठली तरी.” आणि ते आत गेले.

मी पत्र खणात ठेवलं. दुपारचा डबा खाल्ला नाही. चार वाजता खण उघडला, पत्र पर्समध्ये टाकलं आणि टपालवही काखेत घेतली. हाताने पत्र दिलं की त्या वहीत घेणाऱ्याची सही घ्यायची असते. एकदा सही झाली की पत्र पोचलंच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. ऑफिस सुटल्यावर जोगेश्वरीला उतरले, पूर्वेला गुंफेच्या बाजूला विचारत विचारत त्याच्या चाळीत पोचले.

यशवंत घरी नव्हता. कुणाची तरी गाडी घेऊन नाशिकला गेला होता. दार उघडलं त्याच्या बायकोने, प्रतिभाने. अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, नुकतीच पाळीवरून आली होती. खोली आमच्यापेक्षा लहान. सासूबाई खाटेवर, दोन मुली खाटेखाली पाट मांडून अभ्यास करत होत्या, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. मी पत्र दिलं, मुदत समजावली, सही घेतली. तिने पाणी दिलं, चहा केला.

घरी जाताना मला हलकं वाटत होतं. नोकरी जाईल अशी भीती होती, पण एक काम तरी सरळ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूम उघडायच्या आधी प्रतिभा दारात उभी. मी तिला बाजूच्या उडप्याकडे घेऊन गेले.

“ताई, रागावू नका,” ती म्हणाली. “ते पत्र तुम्ही मला दिलंच नाही असं करता येईल का?”

“म्हणजे?”

“तुमच्या शोरूमसमोर गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक एजंट बसतो ना, तो गेल्या आठवड्यात घरी आला होता. म्हणाला, नंबर लागला की गाडी आम्हाला द्या, ऑन तुमचा. त्याने सांगितलेल्या पैशात बोरिवलीला खोली होते ताई. हॉल, किचन, एक बेडरूम, संडास आतमध्ये. मुली मोठ्या होतायत. सासूबाईंना रात्री बाहेर धरून न्यावं लागतं. यांना सांगितलं तर हे ऐकणार नाहीत. तुम्ही यांना म्हणा, गाडी आलीच नाही. मी यांच्या सह्या घेते कशावर तरी.”

तिच्यासमोर मी काय शहाणपणा सांगणार? मी स्वतः एका खोलीत राहत होते. रांगेत बादली घेऊन उभं राहणं मला माहीत होतं. माझी नोकरी मी जिच्या घरासाठी पणाला लावली, तीच मला म्हणत होती की तसं नको होतं करायला. आणि तिचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना.

“प्रतिभा,” मी म्हटलं, “एकदा मी असं खोटं बोलले आहे. पुन्हा बोलवणार नाही माझ्याच्याने. पण मी जाऊन यशवंतलाही काही सांगणार नाही. पंधरा दिवस आहेत. तू सांग त्यांना. विकायची तर दोघांनी मिळून विका.”

ती चहा अर्धा ठेवून गेली.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टपालवही त्यांच्या समोर उघडी होती.

“पेडणेकर बाई, हे पत्र कसं गेलं?”

“मी नेऊन दिलं, साहेब.”

“मी काय सांगितलं होतं?”

“राहू दे म्हणून.” मी म्हटलं. “आठवले सरांचं राहू दिलं होतं. आता नाही जमत.”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “ठेवायला परवडत नाही, आणि काढलं तर बाहेर जाऊन सांगाल. सोमवारपासून खाली स्पेअर पार्ट्समध्ये बसा. बुकिंगची वही दुसऱ्याला द्या.”

स्पेअर पार्ट्स म्हणजे तळघर. ना काच, ना पंखा धड, तेलाचा वास आणि हजार खोकी. आमच्याकडे ती शिक्षाच समजली जायची. मी वही दुसऱ्याच्या हवाली केली आणि खाली गेले. घरी फक्त बदली झाली एवढंच सांगितलं.

मुदतीला चार दिवस उरले असताना दोघं आले. यशवंत वर पैशांचे कागद करायला थांबला आणि प्रतिभा मला शोधत जिना उतरून आली. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत.

“सांगितलं मी त्यांना,” ती म्हणाली. “वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. मी भांडायच्या तयारीनेच बसले होते. तर म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं. इकूया.’ बस. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये डबा द्यायला गेले, तर भिंतीवर त्या गाडीचं चित्र होतं ना, ते काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचं बिल लिहीत होते.” ती एका खोक्यावर बसली. “भांडले असते ना ताई, तर मी विकली असती.”

“मग?”

“मग मी अट घातली. एक वर्ष गाडी ठेवायची. पाहिजे त्या रॅलीत पळवा. वर्षाने विकायची. एजंटच म्हणाला, एक वर्षाची जुनी गाडीसुद्धा नव्यापेक्षा महाग जाते. ऑन तेव्हा मिळू दे. खोली एक वर्ष उशिरा.”

“आणि गाडी ठोकली तर?”

“तर मी त्यांना ठोकीन,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम वर गेले. साहेबांनी शेवटचा डाव टाकलाच. सीट कव्हर, टपावरचा कॅरिअर, दरवाज्यांच्या पट्ट्या, सगळं आधीच बसवून ठेवलं होतं आणि दुपटीने बिल लावलं होतं. हे घेतल्याशिवाय चावी नाही. शोरूमची कमाई अशीही व्हायची. यशवंतने बिल भरलं. चावी खिशात घातली. मग पिशवीतून पाना काढला, तिथेच सगळ्यांसमोर कॅरिअरचे नट सोडवले, कव्हरं ओढून काढली, पट्ट्या उचकटल्या आणि सगळा ढीग नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“ह्या तुमच्याकडेच रवांदे, साहेब. माझ्या गाडीक वजन नको.”

वॉचमनसकट सगळे हसले. साहेबांनी कॅरिअरकडे बघितलं, यशवंतकडे बघितलं आणि, मी शपथेवर सांगते, तेही हसले. “ने रे,” म्हणाले, “नीट चालव.”

पहिली रॅली पावसाळ्यानंतर झाली. दोन दिवस घाटाघाटातून जाऊन गाड्या मुलुंडच्या एका मैदानावर परत येणार होत्या. मी आणि प्रतिभा सकाळपासून तिथे बसलो होतो. मोठ्या लोकांच्या गाड्यांना तंबू, थर्मास, इस्त्रीचे कपडे घातलेले मदतनीस. आमच्याकडे प्रतिभाच्या पिशवीत घावणे आणि पाण्याची बाटली. एकेक गाडी येत होती. दुपार झाली, लाल गाडी दिसेना. कुणीतरी म्हणालं, एक गाडी घाटात खड्ड्यात गेली. कुठली ते त्याला माहीत नव्हतं. प्रतिभाने माझा हात धरला तो सोडला नाही.

तीनच्या सुमाराला ती आली. लाल रंग कुठे दिसतच नव्हता, सगळा चिखल. एक दिवा फुटलेला, डावं दार चेपलेलं. यशवंत उतरला. प्रतिभा त्याच्याकडे न जाता आधी गाडीभोवती फिरली. पूर्ण चक्कर मारली, चेपलेल्या दारावर हात ठेवून बघितला. मला कळत होतं ती काय बघत होती. तिला तिथे बोरिवलीची खोली चेपलेली दिसत होती.

“दगड आला गो मधे,” यशवंत म्हणाला. “माझाच चुकला.”

“ते दिसतंय. कितवे आलात?”

“पाचवो.”

“किती गाड्या होत्या?”

“चाळीस.”

तिने हाताला लागलेला चिखल झटकला. मग पिशवीतला डबा काढून त्याच्या हातात दिला. “खा आधी. पुढची कधी आहे?”

पहिला घास त्याने तिलाच दिला. मी दुसरीकडे बघायला लागले.

पुढचं सगळं असंच गोडगोड झालं असं नाही. दुसऱ्या रॅलीत इंजिन बसलं, तीन महिने गाडी उभी राहिली, तेव्हा प्रतिभाने जादा पाळ्या केल्या. पण पाचव्या आलेल्या गाडीचा मेकॅनिकही तोच आणि चालवणाराही तोच, ही बातमी पसरली. ज्यांच्या शेजारी बसून तो नकाशे वाचायचा तेच लोक गाड्या घेऊन त्याच्या गॅरेजवर यायला लागले. विलेपार्ल्याहून, ठाण्याहून, एकदा पुण्याहूनही. बाजूचा गाळा त्याने भाड्याने घेतला. ठरल्याप्रमाणे वर्ष संपलं, एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. यशवंतने चावी आणि कागद प्रतिभाच्या हातात दिले आणि बाजूला उभा राहिला. वाद घातला नाही. तिने एजंटला चहा पाजला आणि परत पाठवलं.

मी तळघरातच राहिले, बावीस वर्षं, आणि शेवटची बारा तिथली प्रमुख म्हणून. शिक्षा म्हणून गेले होते, पण तिथे मला माझं काम सापडलं. वर मी लोकांना थांबवून ठेवायची, खाली कुणीतरी अडलेला यायचा आणि हातात वस्तू घेऊन जायचा. कुठला नट कुठल्या खोक्यात हे अंधारातही सांगता यायचं मला. मोठमोठ्या गॅरेजांतले मेकॅनिक माझ्याकडून शिकून गेले, असं म्हटलं तर फुशारकी होईल, पण दोन-चार शिकले खरे.

तिथेच, तीन-साडेतीन वर्षांनी, एक दिवस प्रतिभा काउंटरवर आली. हातात यशवंतच्या अक्षरातली चिठ्ठी. तिने पार्टचा नंबर घडाघडा वाचला, वर पाहून म्हणाली, “क्लच प्लेट. आणि ताई, रविवारी जेवायला यायचं. बोरिवलीला.”

“खोली झाली?”

“झाली. गॅरेजवरच झाली. सासूबाई तर पहिल्या दिवशी संडासाचं दार चारदा उघडून बघत होत्या.”

“आणि गाडी?”

“खाली उभी आहे सोसायटीत.” तिने पदराने घाम पुसला. “राहायला जाऊन आठवडा नाही झाला, नोटीस बोर्डावर आमचं नाव लागलं. बी विंगमधील लाल गाडी सकाळी फार आवाज करते, संबंधितांनी नोंद घ्यावी.”

“मग घेतली नोंद?”

“घेतली ना,” प्रतिभा म्हणाली. “मुलींनी ती नोटीस काढून घरात लावली आहे.”